धागा : तुमच्या गावात माणसं किती आणि गाडी किती वाजता येते?

[वरचीवाडी]

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, पण वाचा आणि आपापल्या गावाचं लिहा.

मी रत्नागिरी जिल्ह्यात राहते, सह्याद्रीच्या पायथ्याला गाव आहे, नाव मुद्दाम देत नाही. नवरा नालासोपाऱ्याला, इथे मी, सासूबाई आणि मुलगी. मुलगी अकरावीला, कॉलेज बाजारपेठेत, घरापासून ११ किमी. सगळं सुरू झालं ते तिच्या जाण्यायेण्यावरून.

आधी गावाला एसटीच्या तीन फेऱ्या होत्या. संध्याकाळी साडेसातला यायची ती वस्तीला थांबायची आणि सकाळी सव्वासहाला सुटायची. दुधाच्या किटल्या, कुणाचा डबा, कुणाची औषधाची पिशवी, सगळं त्याच गाडीने. लॉकडाऊनमध्ये बंद झालं, मग संपाचे महिने गेले, आणि त्यानंतर सुरू झाली ती दुपारची एकच. बारा वाजता येते, पाच मिनिटं थांबते आणि जाते. बारा वाजता गावातून निघणार कोण? पोरं सकाळीच गेलेली, दवाखान्याची ओपीडी दुपारी बंद, बँकेत जेवणाची सुट्टी. त्यामुळे गाडीत दोन नाहीतर तीन माणसं, आणि आता ऐकतोय की प्रवासी नाहीत म्हणून हीही बंद होणार.

माझ्या मुलीकडे मोफत पास आहे. पाचवी ते बारावीच्या मुलींना मिळतो तो, अहिल्याबाई होळकर योजनेचा. पास आहे पण त्या पासावर बसायला सकाळची गाडी नाही. रोज मॅजिकला, म्हणजे खासगी छोट्या प्रवासी गाडीला, जायचे ४० रुपये आणि यायचे ४०.

ग्रामसभेत हा विषय काढला तर एक जण म्हणाले, वहिनी, गावात माणसंच राहिली नाहीत तर गाडी कुणासाठी मागताय? मला उत्तर देता आलं नाही. खरंच किती माणसं आहेत ते मलाही माहीत नव्हतं. मग आम्ही बचत गटातल्या पाच जणींनी ठरवलं की आधी मोजूया.

आमच्या वाडीचं सांगते. घरं २६. त्यातली ११ बंद. उघड्या १५ घरांत माणसं ३९, बायका २५ आणि पुरुष १४. साठीच्या पुढचे १७. शाळा-कॉलेजात जाणारी ७. उरलेल्या चारही वाड्यांचं मोजणं चालू आहे.

मग भाच्याने जनगणनेच्या २०११ च्या जिल्हा पुस्तकातलं आमच्या गावाचं पान काढून दिलं. तिथे प्रत्येक गावापुढे खाने आहेत, बस आहे का, रेल्वे स्टेशन किती लांब, रिक्षा, टॅक्सी, ट्रॅक्टर, बैलगाडी, होडी, डांबरी रस्ता, खडीचा रस्ता, पायवाट. आमच्या गावापुढे बस आहे, डांबरी रस्ता आहे. वाचून बरं वाटलं आणि मग लक्षात आलं की हे सगळं देऊळवाडीचं आहे. देऊळवाडीपासून आमची वाडी अडीच किमी, मध्ये वहाळावर (ओढ्यावर) साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल, आणि साकवाच्या अलीकडे चिऱ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, तिच्यावरून सायकलही जात नाही. धनगरवाडा तर आमच्याही वर, चढून जायला पाऊण तास. पण सरकारी कागदावर पाचही वाड्या मिळून एकच गाव, म्हणून 'बस आहे'.

गेल्या ऑगस्टमध्ये सासूबाईंना रात्री ताप चढला, उठवत नव्हतं. प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बाजूंनी बांबू बांधले, त्यांना लुगड्याने खुर्चीला धरून बांधलं आणि चौघांनी साकवावरून नेलं. चौघांत एक मी होते, कारण वाडीत उचलू शकतील असे पुरुष तीनच होते. साकवाची एका बाजूची कठड्याची सळई तुटलीय, पाणी खाली जोरात, बॅटरी धरायला माझी मुलगी पुढे.

तर तुमच्या गावात काय आहे? माणसं किती, घरं बंद किती, गाडी किती वाजता, आणि ती वेळ कुणाच्या सोयीची? लिहा.

[आकडेमोड]

ताई, फार महत्त्वाचा विषय. तुमच्या वाडीत २५ बायका आणि १४ पुरुष, हे वाचून लगेच जिल्ह्याचे आकडे आठवले म्हणून देतो.

२०११ ला रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९. त्यात पुरुष ७,६१,१२१ आणि स्त्रिया ८,५३,९४८. म्हणजे हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, आणि त्याच वेळी सगळ्या महाराष्ट्राचं प्रमाण ९२९. हे काही मुलींचा जन्म जास्त म्हणून नाही, कमावते पुरुष जिल्ह्याबाहेर म्हणून.

दुसरं म्हणजे २००१ ला हाच जिल्हा १६,९६,७७७ होता. दहा वर्षांत ८१,७०८ माणसं कमी. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. त्या दशकात महाराष्ट्रात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच, मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. आणि तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. विरार, नालासोपारा, दिवा, बदलापूर सगळं त्यात आलं. आपली माणसं कुठे गेली ते वेगळं सांगायला नको.

आणि वाडीचा मुद्दा एकदम बरोबर. जनगणनेचं गाव म्हणजे महसुली गाव, मौजे. देशावर बहुतेक ठिकाणी गावठाण एका जागी असतं त्यामुळे तिथे 'बस आहे' म्हणजे खरंच दारात असते. कोकणात एकेका गावाच्या वाड्या तीन-तीन चार-चार किमी पसरलेल्या, तिथे तोच शेरा फसवा होतो. खोटं कुणी लिहिलेलं नाही, पण मोजायचं मापच वेगळं आहे.

[दिवा_जंक्शन]

वरचीवाडी ताई, तुमच्या त्या ११ बंद घरांत माझ्यासारख्याचं एक असणार. आमचं घर राजापूर तालुक्यात, मी दिव्याला भाड्याने राहतो, वर्षातून तीन वेळा जातो, गणपती, शिमगा आणि मे महिना.

एक गोष्ट माझ्या मनात कायम येते. मोजणी होते फेब्रुवारीत. २०११ ला ९ ते २८ फेब्रुवारी झाली होती आणि १ मार्चचा दिवस धरला होता. माणूस तेव्हा जिथे राहतो तिथेच त्याची नोंद, ते बरोबरच आहे, नाहीतर दोनदा मोजला जाईल. पण फेब्रुवारी म्हणजे कोकण सगळ्यात रिकामं. आता पुढची जनगणनाही १ मार्च २०२७ धरून आहे आणि त्या वर्षी होळी २१-२२ मार्चला. म्हणजे पालखी घरी यायच्या तीन आठवडे आधी मोजणी संपलेली असणार.

मी गावचा आहे असं मी म्हणतो, घरपट्टी मी भरतो, देवळाची वर्गणी मी देतो, पण मोजायला गेलात तर मी दिव्याचा. आणि माझी आई एकटी गावची. तिला बाजारात जायला गाडी नाही याचं कारण मी तिथे नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही.

[कांदाटीकर]

आमच्याकडचं सांगतो. सातारा जिल्हा, महाबळेश्वरच्या खाली तापोळा, त्याच्या पलीकडे कांदाटी खोरं. कोयनेचं धरण झालं आणि शिवसागर जलाशयाने गावांचे रस्ते पोटात घेतले. तेव्हापासून आमची एसटी म्हणजे लॉंच. तुम्ही म्हणालात ना जनगणनेच्या पुस्तकात होडीचा खाना असतो, लोकांना वाटतं तो किनाऱ्यावरच्या गावांसाठी असेल, तर तो सह्याद्रीच्या डोंगरातल्या आमच्या गावांनाही लागतो.

लॉंचचा एक त्रास बाहेरच्यांना माहीत नसतो. पावसाळ्यानंतर पाणी वर असतं तेव्हा लॉंच पार घराखाली येते. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरतं, मग धक्का कुठेच्या कुठे जातो आणि उतरल्यावर भेगाळलेल्या गाळातून चालत वर चढायचं, डोक्यावर बाजार. म्हातारी माणसं तेव्हा बाजारच टाळतात. वेळापत्रक कागदावर तेच असतं पण अंतर दर महिन्याला बदलतं.

माणसांचं विचाराल तर पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडी. मस्जिद बंदर, मग वाशी. यात्रेला गाव भरतो. तुमच्यासारखंच.

[दुचाकीस्वार]

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. आता गावोगाव घरटी बाईक आहे. एसटीची वाट बघायचे दिवस गेले. सकाळी ६.१५ ची गाडी पुन्हा आली तरी किती जण बसतील? त्यापेक्षा रस्ता आणि साकव चांगला करून मागा, गाड्या लोक आपल्या आपण घेतील.

[वरचीवाडी]

दुचाकीस्वार दादा, राग नाही. तुमचं वाचून परत वाडीत फिरून आले. दुचाक्या ६. सगळ्या साकवाच्या पलीकडे आंब्याखाली लावलेल्या असतात, ताडपत्री टाकून. ६ पैकी २ कामाला जाणाऱ्या पोरांच्या, त्या सकाळी सातला जातात आणि रात्री येतात. १ दुधाची. २ मुंबईवाल्यांच्या, गणपतीत चालू होतात, एरवी बॅटरी उतरलेली. उरली १. बायकांत चालवणारी फक्त एक, आमची आशाताई.

आता त्या ३९ माणसांतले १७ साठीच्या पुढचे. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, गुडघ्याला पट्टा आहे, त्यांना बाईकच्या मागे कशा बसवू? घरटी बाईक हे खरंही असेल, पण ती घराच्या नावावर असते आणि एकाच्या हातात असते. साकवाचं म्हणणं मात्र शंभर टक्के मान्य.

[निवृत्त_वाहक]

३१ वर्षं कंडक्टर होतो, त्यातली निम्मी ग्रामीण फेऱ्यांवर. ताईंनी जो बाराच्या गाडीचा प्रकार सांगितलाय तो मी खूप ठिकाणी पाहिला. त्यावर जरा मोकळेपणी लिहितो.

आमच्यात शब्द आहे भारमान. गाडीत सीट किती आणि भरल्या किती त्याचा हिशोब. फेरी ठेवायची की काढायची ते बघताना हाच आकडा समोर असतो. चुकीच्या वेळेची फेरी असली की भारमान पडतं, आणि कागदावर मात्र एवढंच दिसतं की या गावाला प्रवासी नाही. वेळ चुकली हे कागद सांगत नाही, ते गावाने सांगायला लागतं.

म्हणून 'गाडी सुरू करा' एवढाच अर्ज देऊ नका. शाळा किती वाजता भरते, सुटते किती वाजता, बाजाराचा वार कुठला, दवाखाना कधी, कोणत्या थांब्यावर किती माणसं उभी राहतात, हे लिहा. ग्रामपंचायतीचा ठराव जोडा, शाळा-कॉलेजचं पत्र जोडा, पासधारक मुलांची यादी जोडा. मी आगारात असताना असे नीट मांडलेले अर्ज वेगळे काढलेले पाहिलेत.

दुसरं, लोकांचा एक गैरसमज आहे. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, ७५ वर्षांवरच्यांना त्याच्या आधी ऑगस्ट २०२२ पासून पूर्ण मोफत. म्हाताऱ्या माणसांना वाटतं आपण फुकट बसतो म्हणजे आपली गाडीला किंमत नाही. तसं नाही. सवलतीची रक्कम सरकार महामंडळाला भरून देतं. म्हणून सासूबाईंना सांगा, गाडीत बसलात की शून्य रुपयाचं तिकीट मागूनच घ्यायचं. मशीनमधून ते निघालं की तुमची नोंद झाली. 'राहू दे रे बाळा, कशाला कागद' असं म्हणणाऱ्या आज्या मी रोज बघायचो आणि मी प्रत्येकीला तिकीट हातात द्यायचो.

आणि वस्तीच्या गाडीचं. तिच्या मागे एक साधी गोष्ट असते, ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला जागा. गावाने खोली द्यायची, पाणी ठेवायचं, संडास जवळ पाहिजे. कित्येक गावांत ती खोली पडली म्हणून वस्ती गेली. तुमच्याकडे ती खोली आहे का अजून?

[वैनगंगा]

गडचिरोलीतून लिहितेय. तुमच्याकडे माणसं गेली म्हणून गाडी गेली, आमच्याकडे माणसं तिथेच आहेत आणि गाडी पोचायचीच बाकी होती.

जिल्हा केवढा, १४,४१२ चौरस किमी, आणि २०११ ची लोकसंख्या १०,७२,९४२. एका चौरस किमीला ७४ माणसं. कोकणात वाड्या पसरलेल्या म्हणता, तर इथे एका टोल्यापासून (वस्तीपासून) दुसऱ्या टोल्यापर्यंत मधे जंगल आणि नाला. अख्ख्या जिल्ह्याला रेल्वे स्टेशन म्हणजे वडसा-देसाईगंज, ते एका टोकाला. भामरागडला पर्लकोटा नदी पुलावरून वाहायला लागली की पलीकडची गावं तुटतात, दर पावसाळ्यात.

१ जानेवारी २०२५ ला अहेरी ते गर्देवाडा एसटी सुरू झाली. तिथल्या लोकांनी गावात आलेली पहिली एसटी त्या दिवशी पाहिली. म्हणून तुमचा धागा वाचताना मला असं वाटलं की चालू असलेली फेरी कशी जपायची हे तुम्ही सगळे नीट लिहून ठेवा, आमच्याकडच्यांना ते उद्या उपयोगी पडेल. इकडे गाडी आली की पोरी आश्रमशाळेतून सुट्टीत घरी येऊ शकतात, तेवढं एक मी डोळ्यांनी बघितलंय.

[मॅजिकवाला]

मी ताईंच्या गावचा नाही पण त्यांच्यासारख्याच एका गावाला मॅजिक चालवतो. आमच्यावर लोकांचा राग असतो म्हणून माझी बाजू सांगतो.

सकाळी आठ जण भरले तरच सुटतो कारण डिझेल, हप्ता, इन्शुरन्स सगळं त्यातूनच निघायचं. ४० रुपये जास्त वाटतात, आणि ११ किमीला एसटीचं पूर्ण तिकीट जानेवारी २०२५ ची भाडेवाढ धरूनही विसेक रुपये, बायकांना त्याच्या निम्मं, त्याच्याशी माझी बरोबरी होणारच नाही. मला कुणी सवलतीचे पैसे भरून देत नाही. पण रात्री दोन वाजता बाळंतीण न्यायची झाली तर फोन मलाच येतो आणि मी जातो. आजवर नाही म्हटलेलं नाही.

सकाळची एसटी परत आली तर माझी एक ट्रिप जाईल. तरी सांगतो, यावी. पोरींचे महिन्याला दोन हजार माझ्या खिशात येतात ते घेताना मला माहितीय ते कुठून येतात. मला दिवसभराचं, बाजाराचं, पेशंटचं, मुंबईवाल्यांचं स्टेशनचं भाडं आहे. वेळा वाटून घेतल्या तर दोघंही जगतो.

[अंगणवाडीताई]

माणसं मोजायला जनगणनेची वाट बघू नका हे सांगायला लिहितेय. २०११ चा आकडा आता केवढा जुना झाला. तेव्हा पहिलीत असलेलं पोर आज नोकरीला लागलंय. २०२१ ची जनगणना झालीच नाही. अंगणवाडीत आमचं कुटुंब सर्वेक्षणाचं रजिस्टर असतं, आशाताईंकडे त्यांचं असतं, त्यात घरटी माणसं, वय, गरोदर बाई, बाळं सगळं असतं आणि कोण गाव सोडून गेलं तेही आम्ही भरतो. ग्रामपंचायतीच्या ठरावाला आधार म्हणून हे आकडे घ्या. आम्ही नावं देणार नाही, ते खासगी असतं, पण वाडीवार बेरीज द्यायला काहीच हरकत नाही.

आणि येणाऱ्या जनगणनेत घरयादीवाले आले की बंद घर, राहतं घर, घरात सायकल-मोटरसायकल आहे का, हे सगळं नीट खरं सांगा. शेजारच्या बंद घराबद्दल विचारलं तर 'आहेत हो, येतात अधूनमधून' असं मोघम सांगतात लोक. गेलेल्या माणसाला आहे म्हणून दाखवलं की शेजारी राहणाऱ्याची अडचणही झाकली जाते.

[रस्ता_आणि_साकव]

रस्त्याच्या कामांशी माझा संबंध होता त्यामुळे वाडीच्या रस्त्याबद्दल चार गोष्टी.

तुमचा रस्ता कागदावर काय आहे ते आधी बघा. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. देऊळवाडीपर्यंतच्या रस्त्याला ग्रामीण मार्गाचा नंबर असेल. देऊळवाडी ते वरची वाडी याला नंबर आहे का? नसेल तर तो रस्ता कागदावर नाहीच, आणि नसलेल्या रस्त्याला निधी कसा मिळणार? जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात जाऊन ते विचारा, पहिलं काम हेच.

दुसरी गोष्ट लोकसंख्येची. पंतप्रधान ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली, तिचं एकक गाव नाही, वस्ती आहे. सपाटीवर ५०० लोकवस्ती, डोंगरी राज्यं, वाळवंट आणि आदिवासी भागात २५०. २०२४ ला मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यातही साधारण हेच माप, फक्त लोकसंख्या २०११ ची धरायची. तुमच्या ३९ माणसांची वाडी यात एकटी कधीच बसणार नाही. पण नियमात वस्त्या एकत्र धरायची तरतूद पहिल्यापासून आहे, ५०० मीटरच्या परिघातल्या, आणि डोंगरात असेल तर पायवाटेने दीड किमीपर्यंतच्या. बौद्धवाडी, वरची वाडी आणि धनगरवाडा यांची अंतरं एकदा मोजून बघा. तरी ५०० होणं कठीण, म्हणून जिल्हा परिषद आणि डोंगरी विकासाचा निधी हा रस्ता जास्त जवळचा वाटतो.

आणि गाडी वाडीत आणायचीच असेल तर रुंदी आणि वळवायची जागा बघायला लागते. मोठी बस एका दमात वळली पाहिजे. पण मी म्हणेन की आधी साकव. बस देऊळवाडीलाच येऊ दे, पण तिथपर्यंत माणूस कोरड्या पायाने पोचला पाहिजे.

[दिवा_जंक्शन]

वरच्या सगळ्यांचं वाचून आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर हा धागा टाकला. ४३ जणांचा ग्रुप. मी विचारलं, गावात आत्ता कोण कोण राहतंय ते लिहा. मंडळी, आम्हाला दोन तास लागले आणि तीन घरांबद्दल एकमत झालं नाही. एका आजीला आम्ही गावात धरलं होतं, त्या दोन वर्षांपासून मुलीकडे चिपळूणला आहेत. आम्ही दरवर्षी देवळाच्या रंगाला, सभामंडपाला पैसे काढतो, तो हिशोब पैशापर्यंत नीट असतो. या वर्षी निम्मे साकवाच्या कठड्याला द्यायचे असं मी मांडलंय. दोघांनी विरोध केला, बाकीचे गप्प आहेत. रविवारी मीटिंग आहे दादरला.

[सुमी_डोंबिवली]

माझं माहेर सिंधुदुर्गात. लहानपणी रात्री जेवताना लांब घाटीवरून वस्तीच्या गाडीचा गिअर बदलल्याचा आवाज यायचा आणि आजी म्हणायची, इली गाडी, आता दिवो बारीक कर. त्यावरूनच किती वाजले ते कळायचं. मागच्या मे मध्ये गेले तेव्हा आईने साडेसातलाच दार लावून घेतलं. आता त्या वेळेला कोणीच येत नाही म्हणाली. माझ्याकडे आकडे नाहीत, एवढंच आठवलं.

[वरचीवाडी]

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय कारण मोजणं पूर्ण करायचं होतं.

निवृत्त_वाहक काकांनी सांगितलं तसं केलं. आम्ही पाच जणींनी पाळ्या लावल्या आणि एक आठवडा सकाळी सहा ते नऊ देऊळवाडीच्या थांब्यावर वही घेऊन बसलो. कोण आलं, कुठे जायचं, कशाने गेलं. एरवीच्या दिवशी ३० च्या आसपास माणसं निघाली, मंगळवारी बाजार म्हणून ५४. त्यात रोजची शाळा-कॉलेजची मुलं २८, पाचही वाड्या धरून. बाराच्या गाडीला त्याच आठवड्यात सगळे दिवस मिळून १७ माणसं. म्हणजे बाराच्या गाडीच्या अख्ख्या आठवड्यात जेवढी होत नाहीत तेवढी सकाळी एका दिवसात निघतात. ग्रामसभेत मला ज्यांनी विचारलं होतं ना माणसं कुठायत, त्यांनाच एक सकाळ वही धरायला बसवलं. त्यांनी स्वतःच्या हाताने ३२ लिहिले आणि ठरावाला सूचक म्हणून तेच उभे राहिले.

अर्जात आम्ही नवी फेरी मागितलेली नाही. लिहिलंय असं :

'दुपारी १२ ची फेरी रद्द करून तीच सकाळी ६.४५ ला गावातून सोडावी, व संध्याकाळी ५.३० नंतर बाजारपेठेतून परतीची एक फेरी मिळावी. गावातून रोज २८ विद्यार्थी ये-जा करतात, पैकी १६ मुली मोफत पासधारक आहेत. बाजाराचा वार मंगळवार. थांब्यावरील सात दिवसांची नोंद, वाडीवार राहती लोकसंख्या व कॉलेजचे पत्र सोबत जोडले आहे. गाडी वस्तीस राहणार असल्यास कर्मचाऱ्यांसाठी खोली, पाणी व शौचालयाची व्यवस्था ग्रामपंचायत करेल.'

अर्ज घेतलाय, पोच मिळालीय. रस्ता_आणि_साकव दादा, तुमचं खरं निघालं, देऊळवाडीपासून पुढच्या रस्त्याला नंबरच नाही. त्याचा ठराव वेगळा केलाय. मॅजिकवाले दादा, तुमचा मेसेज मी आमच्या मॅजिकवाल्याला वाचून दाखवला, तो काही बोलला नाही, पण त्या दिवशी मुलीकडून त्याने येतानाचे पैसे घेतले नाहीत.

काकांनी खोलीचं विचारलं होतं. आहे, शाळेच्या मागे. गाडी बंद झाल्यापासून कुणी उघडलेली नाही, आणि कुलपाची चावी कुणाकडे ते कुणालाच आठवेना. शेवटी कळलं की जे बघायचे ते मुलाकडे विरारला गेले तेव्हा चावी त्यांच्याबरोबरच गेली. माझा नवरा परवा त्यांच्याकडे जाऊन घेऊन आलाय आणि शनिवारच्या गाडीने येतोय. रविवारी आम्ही खोली उघडून झाडून घेणार. खिडकीतून बघितलं तर दोन कौलं फुटलीत आणि खाटेवर पाणी गळलंय, कौलं आमच्या बंद घरांपैकी एकाच्या पडवीत पडून आहेत, त्यांना फोन करून विचारलंय, घ्या म्हणालेत. पाण्याचा हंडा रोज संध्याकाळी भरून ठेवायचं शेजारच्या आजींनी अंगावर घेतलंय, पूर्वीही त्याच भरायच्या.